‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान

मुलांनो, उर्दूत वर्तमानपत्राला अखबार म्हणतात. अखबार हे खबर या शब्दाचे अनेकवचन आहे, हे तुम्हाला उर्दूच्या तासाला शिकवले असेल. खबर हा शब्द मराठीनेही आपलासा केला आहे. गावाकडची वडीलधारी माणसे भेटली की आधी एकमेकांची खबरबात विचारतात. तुमच्या घरी उर्दू अखबार येत असेल, शाळेच्या वाचनालयात तुम्ही मराठी दैनिक चाळत असाल. पण त्यातली बातमी कोणी आणली, ती खरी आहे हे कोणी तपासले, ती छापण्याची जोखीम कोणी घेतली, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या पाठात तुम्हाला एका संपादकाची ओळख करून द्यायची आहे. त्यांचे नाव शोएबुल्ला खान. ते ‘इमरोज’ नावाचे उर्दू दैनिक चालवत असत. इमरोज म्हणजे आज. हे दैनिक जेमतेम नऊ महिने त्यांच्या हाती राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

तुम्ही म्हणाल, इमरोज तर हैदराबादेत निघत होते, मग धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांनी त्याच्या संपादकाची गोष्ट का वाचायची? कारण तेव्हा आपला जिल्हाही हैदराबाद संस्थानातच होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. शेजारच्या सोलापुरात तिरंगा फडकला. पण नळदुर्ग, तुळजापूर, परंडा, उमरगा ही आपली गावे निजामाच्या राज्यात होती. संस्थानात सोळा जिल्हे होते. प्रजा तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलत असे. दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी भाषेचे पाच जिल्हे. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून आपल्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत. २०२३ मध्ये हे नाव अधिकृतपणे बदलून धाराशिव झाले. लातूर तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८२ मध्ये वेगळा झाला, तोपर्यंत तो आपल्याच जिल्ह्याचा भाग होता. लातूरचे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

शोएबुल्ला खान यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९२० रोजी वरंगळ जिल्ह्यात, महबूबाबादच्या परिसरात झाला. हा आजच्या तेलंगणातला भाग. त्यांचे वडील हबीबुल्ला खान रेल्वे पोलिसात नोकरीला होते. घर साधे होते, जहागीर किंवा इनाम असलेले नव्हते. मुलाने शिकावे ही घरच्यांची इच्छा होती आणि मुलगाही हुशार निघाला. पुढील शिक्षणासाठी तो हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात गेला.

या विद्यापीठाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण तुम्ही उर्दू माध्यमात शिकता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झाले. त्या काळी हिंदुस्थानातील इतर विद्यापीठांत वरचे शिक्षण इंग्रजीत मिळत असे. उस्मानियात मात्र गणित, पदार्थविज्ञान, कायदा, वैद्यक हे सारे विषय उर्दूतून शिकवले जात. त्यासाठी दारुल तर्जुमा नावाची भाषांतराची कचेरी उघडली होती. तिथे विद्वान मंडळी परदेशी ग्रंथ उर्दूत आणत आणि शास्त्रातील अवघड शब्दांना उर्दू शब्द घडवत. आपल्या भाषेतून कोणताही विषय शिकता येतो, याचा एवढा मोठा दाखला त्या काळात दुसरा नव्हता.

उस्मानियाची पदवी हाती असलेल्या तरुणाला संस्थानात सरकारी नोकरी मिळणे अवघड नव्हते. पगार ठरलेला, म्हातारपणी पेन्शन. शोएबुल्ला खान यांनी तो रस्ता धरला नाही. ते ‘तेज’ नावाच्या एका उर्दू साप्ताहिकात काम करू लागले. पगार थोडा होता आणि काम फार. लवकरच सरकारने ‘तेज’वर बंदी घातली. मग ते ‘रय्यत’ या दैनिकात गेले.

रय्यत हे नाव वाचून तुम्हाला मराठीतला रयत शब्द आठवला असेल. दोन्ही शब्द एकच आहेत. अर्थही एकच, प्रजा. या उर्दू दैनिकाचे संपादक मंदुमुल नरसिंगराव होते. त्यांची मातृभाषा तेलुगू होती. उर्दू ही त्या काळी सगळ्यांची भाषा कशी होती, हे यावरून दिसते. निजामाच्या राज्यातील प्रजेला राज्यकारभारात भाग मिळावा, असे हे पत्र लिहीत असे. शोएबुल्ला खान यांची लेखणी इथेच तयार झाली. पण ‘रय्यत’वरही बंदी आली. दुसऱ्यांदा काम गेले.

दुसऱ्या कोणी अशा वेळी वर्तमानपत्राचा नाद सोडला असता. शोएबुल्ला खान यांनी स्वतःचे दैनिक काढायचे ठरवले. बुर्गुल रामकृष्णराव या काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी त्यांना मदत केली. हे रामकृष्णराव पुढे १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. आपला जिल्हा १९५६ पर्यंत त्याच राज्यात असल्याने ते आपलेही मुख्यमंत्री होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये काचीगुडा भागातून ‘इमरोज’चा पहिला अंक निघाला.

त्या काळी उर्दू दैनिक कसे निघत असे, हे आज मोबाइलवर बातमी वाचणाऱ्या मुलांना कल्पनेनेही समजणार नाही. उर्दूची अक्षरे नस्तालिक वळणाची. ती खिळ्यांनी जुळवणे फार कठीण, म्हणून कातिब सगळा मजकूर बोरूने हाताने लिहीत. वार्ताहर बातमी आणून देई. संपादक ती वाचून, छाटून, दुरुस्त करून कातिबाकडे देई. कातिब वळणदार अक्षरांत पान भरी. ते पान मग छपाईसाठी जाई. संध्याकाळी उशिरा एखादी मोठी बातमी आली की अर्धे पान पुन्हा लिहावे लागे. चूक खोडून दुरुस्त करणे सोपे नव्हते. त्यामुळे संपादकाला अंक छपाईला जाईपर्यंत कचेरीत थांबावे लागे आणि घरी जायला मध्यरात्र होई. शोएबुल्ला खान यांचा हाच रोजचा क्रम होता.

आता संपादकाचे काम नेमके काय, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, परंड्याच्या आठवडी बाजारात आग लागली. वार्ताहराने तिथे स्वतः जायला हवे. किती दुकाने जळाली, ती त्याने मोजावीत. दुकानदारांना विचारावे, पोलीस ठाण्यात विचारावे, आग विझवणाऱ्यांना विचारावे. दोघांनी वेगवेगळे आकडे सांगितले तर दोन्ही लिहावेत आणि कोणता आकडा कोणी सांगितला तेही लिहावे. ही झाली बातमी. बाजारात पाण्याची सोय करण्यात नगरपालिकेने हयगय केली, असे संपादकाचे मत असेल तर ते त्याने अग्रलेखात लिहावे. अग्रलेख म्हणजे उर्दूत ज्याला इदारिया म्हणतात तो. मत मताच्या जागी आणि बातमी बातमीच्या जागी. आग कोणी लावली हे कळण्याआधीच अमक्या जातीच्या लोकांनी लावली असे जो छापतो, तो वार्ताहर नव्हे. तो दुसरी आग लावतो.

मराठीत ही वाट बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढून दाखवली. उर्दूत दिल्लीच्या मौलवी मुहम्मद बाकर यांचे ‘दिल्ली उर्दू अखबार’ प्रसिद्ध आहे. १८५७ च्या उठावात त्यांनी इंग्रजांविरुद्ध लिहिले आणि इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर त्यांना ठार केले. परक्या राज्याविरुद्ध लिहिणे धोक्याचे होतेच. शोएबुल्ला खान यांच्यापुढची अडचण वेगळी होती. त्यांना आपल्याच माणसांविरुद्ध लिहायचे होते.

ती माणसे म्हणजे रझाकार. रझाकार या शब्दाचा अर्थ खरे तर चांगला आहे, स्वयंसेवक. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेने ही स्वयंसेवकांची फौज उभी केली होती. संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष कासिम रझवी. हे रझवी लातूरला वकिली करत असत, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून ते पुढे आले. हैदराबाद भारतात सामील होऊ नये, निजामाचे वेगळे राज्य राहावे, असा त्यांचा आग्रह होता. असे मत असणे हा काही गुन्हा नव्हे. पण रझाकारांच्या टोळ्या हत्यारे घेऊन गावोगाव फिरू लागल्या. गावाकडून पैसे मागत. दिले नाहीत तर लूट, जाळपोळ आणि खून होत. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे सीमा ओलांडून बार्शी आणि सोलापूरकडे निघून गेली.

याच जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत पूर्वी शिक्षक असलेले स्वामी रामानंद तीर्थ आता स्टेट काँग्रेसचे नेते होते. संस्थान भारतात विलीन व्हावे यासाठी त्यांनी लढा उभारला आणि तुरुंगवास भोगला. त्या लढ्यात काही मुसलमानही होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. शोएबुल्ला खान त्यांपैकीच एक होते.

‘इमरोज’मधून ते काय लिहीत? संस्थानात लोकांचे जबाबदार सरकार यावे, हैदराबादने भारतात सामील व्हावे, आणि रझाकारांचा जुलूम थांबावा. जानेवारी १९४८ मधील त्यांचा एक अग्रलेख फार गाजला. राज्यात दिवसा एक सरकार चालते आणि रात्री दुसरेच, असे त्यांनी त्यात दाखवले. दिवसाचे सरकार कचेऱ्यांचे, रात्रीचे सरकार रझाकारांचे. दिवसाच्या सरकारला रात्री काय घडते ते दिसत नाही, असे कोणी मानावे, हा त्या लेखाचा रोख. लक्षात घ्या, त्यांनी मुसलमानांना दोष दिला नाही, धर्माला दिला नाही. ज्यांनी कृत्य केले त्यांचे नाव घेतले आणि ज्यांनी डोळेझाक केली त्यांनाही जबाबदार धरले. मला त्यांच्या लेखणीचा हाच गुण सर्वांत मोठा वाटतो. रागाच्या भरात माणूस पटकन सगळ्या समाजाला बोल लावतो. संपादकाला ती मुभा नसते.

हे सारे त्यांनी उर्दूत लिहिले, ही गोष्टही महत्त्वाची आहे. सोलापूर किंवा मुंबईत बसून मराठीत वा इंग्रजीत रझाकारांवर टीका करणारे पुष्कळ होते. रझाकारांना ती वाचायची गरज नव्हती आणि वाचली तरी ती परक्यांची टीका म्हणून बाजूला सारता येत होती. ‘इमरोज’ मात्र हैदराबादच्या चहाच्या दुकानांत मोठ्याने वाचले जाऊ शकत होते. ते त्यांच्याच भाषेत होते, त्यांच्याच शहरात छापलेले होते आणि लिहिणाऱ्याचे नाव शोएबुल्ला खान होते. म्हणूनच ते जास्त झोंबले.

धमकीची पत्रे येऊ लागली. लिहिणे थांबवा, नाही तर परिणाम भोगा, असा त्यांचा मजकूर असे. जवळच्या माणसांना काळजी वाटू लागली. शोएबुल्ला खान यांनी लेखणी खाली ठेवली नाही. त्यांना भीती वाटत नव्हती असे मी म्हणणार नाही. घरी माणसे होती, संसार होता. सत्तावीस वर्षांच्या माणसाला जगावेसे वाटणारच. तरी रोज संध्याकाळी ते कचेरीत जात आणि दुसऱ्या दिवशी अंक निघे.

ऑगस्ट १९४८ उजाडला. हैदराबाद आणि भारत सरकार यांच्यातील बोलणी फिसकटली होती. संस्थानात पुढे काय होणार, या काळजीने सगळे ग्रासले होते. अशा वेळी काही सुशिक्षित मुसलमान गृहस्थांनी आपल्या सहीने एक पत्रक काढले. रझाकारांना आवरावे आणि हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे त्यांनी त्यात उघडपणे मांडले. ‘इमरोज’ची भूमिका हीच होती. या पत्रकाने रझाकारांचा राग आणखी भडकला. १९ ऑगस्टच्या सुमारास कासिम रझवींनी एका सभेत, जे मुसलमान आपल्याविरुद्ध हात उचलतात ते हात तोडले पाहिजेत, अशा अर्थाचे भाषण केले.

त्यानंतर दोनच दिवसांनी, २१ ऑगस्टच्या रात्री, शोएबुल्ला खान नेहमीप्रमाणे कचेरीतले काम संपवून घरी निघाले. मध्यरात्र झाली होती. सोबत त्यांचे मेहुणे इस्माईल खान होते. काचीगुड्यातील लिंगमपल्ली चौकाजवळ मारेकऱ्यांनी त्यांना गाठले. मागून गोळी झाडली आणि तलवारीने त्यांचा हात तोडला. इस्माईल खान आडवे आले. तलवारीचा वार त्यांच्याही हातावर बसला. लोक जागे होऊन धावले तोवर मारेकरी पसार झाले होते. २२ ऑगस्टच्या पहाटे शोएबुल्ला खान यांचा मृत्यू झाला.

हात तोडण्यामागचा अर्थ सगळ्या हैदराबादला समजला. तो लिहिणारा हात होता.

या घटनेला महिनाही झाला नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य चारही बाजूंनी संस्थानात शिरले. सोलापूरच्या बाजूने आलेली मुख्य फौज नळदुर्गवरूनच पुढे गेली. या कारवाईला लोक पोलीस ॲक्शन म्हणतात. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो, शाळेत झेंडावंदन होते, तो याच दिवसाची आठवण म्हणून. रझाकारांची संघटना मोडली. कासिम रझवी पकडले गेले. १९५७ मध्ये सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि तिथेच वारले.

शोएबुल्ला खान यांचे चरित्र इथे संपते. पण त्यांनी जे काम केले त्याची दुसरी बाजू याच जिल्ह्यात लिहिली गेली. ती सांगितली नाही तर तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना हा पाठ अपुरा वाटेल.

पोलीस ॲक्शनच्या दिवसांत आणि त्यानंतर संस्थानाच्या अनेक गावांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशी माणसे मारली गेली. अफवा पुष्कळ पसरल्या. काही जण म्हणत काहीच घडले नाही. काही जण लाखांचे आकडे सांगत. खरे काय, हे पाहण्यासाठी भारत सरकारने तीन माणसे पाठवली. त्यांचे प्रमुख पंडित सुंदरलाल होते. दुसरे होते काझी अब्दुल गफ्फार. उर्दूचे विद्यार्थी म्हणून तुम्हाला त्यांचे ‘लैला के खुतूत’ हे पुस्तक ऐकून माहीत असेल. तेही पत्रकारच होते. हैदराबादचे ‘पयाम’ हे उर्दू दैनिक त्यांनी काढले आणि चालवले होते. तिसरे मौलाना अब्दुल्ला मिसरी.

२९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या दिवसांत ते संस्थानात फिरले. सोळापैकी नऊ जिल्ह्यांत ते गेले. सात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे, एकवीस शहरे आणि तेवीस मोठी गावे त्यांनी स्वतः पाहिली. जिथे जाता आले नाही अशा एकशे नऊ गावांतील पाचशेहून अधिक लोकांना त्यांनी गाठून विचारले. परंड्याच्या आगीचे उदाहरण आठवा. तीच रीत. पाहायचे, विचारायचे, मोजायचे, मग लिहायचे.

त्यांच्या अहवालात चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसल्याचे म्हटले आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत मिळून अठरा हजारांहून कमी माणसे मेली नसावीत, आणि संपूर्ण संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार, असा त्यांचा अंदाज होता. मोजणी करून काढलेला हा आकडा नव्हता आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. रझाकारांनी आधी कसा जुलूम केला तेही त्यांनी त्याच अहवालात लिहिले, लपवले नाही. आणखी एक गोष्ट लिहिली. कितीतरी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवले होते. एकच धंदा करणाऱ्यांत हा जिव्हाळा विशेष दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठी स्वतःचे प्राण दिले.

सरकारने हा अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्ध केला नाही. आता तो दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात वाचता येतो आणि पुस्तकांतूनही छापला गेला आहे.

रझाकारांचा जुलूम सांगणारे आणि सप्टेंबरनंतरचा जुलूम सांगणारे लोक आजही बहुधा वेगवेगळे असतात. एकाला पहिली गोष्ट पाठ असते, दुसऱ्याला दुसरी. मोबाइलवर फिरणारे मजकूर तर एकच बाजू घेऊन येतात आणि खाली लिहिणाऱ्याचे नावही नसते. शोएबुल्ला खान आणि काझी अब्दुल गफ्फार हे दोघेही उर्दूतले पत्रकार. एकाने मुसलमान रझाकारांचा जुलूम लिहिला, दुसऱ्याने मुसलमानांवर झालेला जुलूम नोंदवला. दोघांनी एकच काम केले, असे मला वाटते.

१९४८ साली जी मुले आठ-दहा वर्षांची होती, ती आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, गल्लीत किंवा आजोळी असे कोणी असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. आधी त्यांची परवानगी घ्या, त्यांना बोलायचे नसेल तर आग्रह करू नका. वहीत त्यांचे नाव, वय आणि गाव लिहा. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले वहीच्या उजव्या पानावर आणि इतरांकडून ऐकलेले डाव्या पानावर उतरवा. मग शेजारच्या गल्लीत, दुसऱ्या धर्माच्या घरात त्याच वयाचे कोणी असेल तर त्यांच्याकडेही तीच वही घेऊन जा.